जाळी बारीक हवी

मार्चमधल्या एका शनिवारी आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मी एक कॉलम मोडला. पंचवीस मिनिटं लागली. मग तोच कॉलम कॉम्प्युटरमध्ये मोडायला बसले, ती दिवाळीच्या फराळाचं सामान घरात आलं तरी बसलेलीच होते.

कॉलम म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. ११४ मिलिमीटर व्यासाची, साडेचार मिलिमीटर जाडीची पोलादी नळी, उंची फुटाहून जरा जास्त, आत ठासून भरलेलं काँक्रीट. पण घराणं मोठं आहे. ताइपेई १०१ या इमारतीचे मुख्य खांब म्हणजे पोलादाच्या पेट्याच, ६२व्या मजल्यापर्यंत काँक्रीटने भरलेल्या. चीनमध्ये पिंगनानला २०२० साली पुलाची ५७५ मीटरची कमान उभी राहिली, तीही अशाच भरलेल्या नळ्यांची. त्याच घराण्यातला माझा हा धाकटा सांगलीत जन्माला आला, आणि त्याच्या नशिबी एकच काम होतं, मोडणं.

ते त्याने झकास केलं. आमच्या लॅबच्या मामांनी आदल्या दिवशी नळीला बाहेरून चुना फासून ठेवला होता. (मामांच्या खिशात चुना कायम असतो, पण हा वेगळा, भिंतीचा.) पोलाद ताणाला शरण जायला लागलं की चुन्याचे पोपडे उडतात आणि कुठे काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. कॉलम शंभर टनी यूटीएममध्ये, म्हणजे वस्तू दाबून तिची ताकद तपासायच्या मशीनमध्ये, उभा केला, वर-खाली प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर दिला आणि मशीन सुरू केलं. ७०० किलोन्यूटनपर्यंत काहीच नाही. मग खालच्या टोकाशी चुना तडकला, बारीक तिरक्या रेघा उमटल्या आणि नळी हळूहळू बाहेर फुगायला लागली. पुस्तकात याला हत्तीचा पाय म्हणतात. मामा म्हणाले, "मॅडम, गालफुगी झालीय बघा." ९१२ किलोन्यूटनला काटा थांबला. मशीनची मर्यादा हजार, त्यामुळे कॉलमपेक्षा मामांनाच हायसं वाटलं.

मला वाटलं, झालं. पण सरांना एका प्रयोगावर समाधान नव्हतं. "एक टेस्ट म्हणजे किस्सा. कॉम्प्युटरवर मॉडेल बसव, टेस्टशी जुळव, मग जाडी बदल, काँक्रीट बदल, शंभर कॉलम फुकटात मोड." फुकटात, हा त्यांचा शब्द.

आता या जोडीत अडचण काय आहे ते सांगते. दाब आला की पोलाद आडवं फुगतं, काँक्रीटही फुगतं, पण सुरुवातीला पोलाद जास्त. म्हणजे पहिल्या टप्प्यात नळी काँक्रीटला धरत नाही, उलट त्याच्यापासून सुटू बघते. पुढे काँक्रीटच्या आत बारीक भेगा पडतात, ते एकदम सुजतं, नळीला आतून रेटतं, आणि मग नळी त्याला असं आवळते की एकेकट्याच्या ताकदीची बेरीज केली तर त्याहून जास्त वजन दोघं मिळून पेलतात. आवळलेलं काँक्रीट किती जोर धरतं हे इलिनॉय विद्यापीठात रिचर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८ साली चहूबाजूंनी द्रवाचा दाब देऊन मोजलं: जेवढा आवळाल, त्याच्या ४.१ पट ताकद वाढते. यावर लग्नाची उपमा देण्याचा मोह प्रत्येकाला होतो. आमच्या सरांनी ती दोनदा दिली आहे, म्हणून मी देत नाही.

तर हे सुटणं, सुजणं आणि आवळणं कॉम्प्युटरला समजावून सांगायचं. सॉफ्टवेअर कॉलेजच्या लायसन्सवर चालतं, मी घरून जोडते, म्हणजे आमच्या गल्लीतलं नेट टिकलं तर.

पहिल्या रात्री कॉलम एवढ्याशा वजनाने श्रीखंडासारखा खाली बसला. कारण सकाळी सापडलं. सॉफ्टवेअर एककं विचारतच नाही. मिलिमीटर आणि न्यूटन धरले तर पोलादाचा स्थितिस्थापकतेचा गुणांक २,००,००० लिहायचा असतो. मी २०० लिहिला होता. पोलादाच्या नावाखाली मी रबरच ठेवलं होतं. दुसऱ्या रात्री नळी आणि काँक्रीट यांची गाठ घालून द्यायलाच विसरले. काँक्रीट भुतासारखं नळीच्या भिंतीतून आरपार बाहेर आलं आणि रंगीत चित्रात फारच प्रसन्न दिसत होतं.

या दोन्ही चुका निस्तरल्यावर खरा छळ सुरू झाला. रात्री अकराला रन लावायचा, पहाटे उठून बघायचं, आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत एकच वाक्य: 'टू मेनी अटेम्प्ट्स मेड फॉर धिस इन्क्रिमेंट'. कॉम्प्युटर वजन एकदम टाकत नाही, पावलापावलाने टाकतो; एक पाऊल म्हणजे एक इन्क्रिमेंट. पाऊल जमलं नाही तर त्याच्या पाव आकाराचं टाकून बघतो, तेही नाही जमलं तर त्याच्याही पाव. असे पाच प्रयत्न झाले की हात टेकतो. इंजिनिअरिंगला माझं मॅथ्स-थ्री दोनदा राहिलं होतं. 'अटेम्प्ट' हा शब्द वाचला की आजही पोटात गोळा येतो. पण विद्यापीठाने निदान एटीकेटी दिली होती.

सासूबाई पहाटे उठतात. चहाचा कप घेऊन त्या मागे येऊन उभ्या राहायच्या. सुरुवातीला त्यांना वाटायचं मी परीक्षेचे पेपर तपासते. जूनमध्ये त्यांनी विचारलं, "अगं, हे नक्की काय आहे?" मी म्हटलं, "आई, हा खांब आहे. त्याचे बारीक बारीक चौकोनी तुकडे केलेत. प्रत्येक तुकड्याचं गणित वेगळं." त्या चष्मा सारखा करून वाकल्या. आमच्या आई अनारशांसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत. बराच वेळ बघून म्हणाल्या, "जाळी जाड पडलीय. बारीक हवी."

मी हसले. संध्याकाळी सरांचा मेल आला: 'मेश फारच कोर्स आहे, रिफाइन करा.' मेश म्हणजे त्या तुकड्यांची जाळी, आणि कोर्स म्हणजे जाड.

जाळी १५ मिलिमीटरची १० केली, मग ८. उत्तर बदलायचं थांबलं, पण रन सहा तासांवर गेला. मग कॉलमचा पाव तुकडाच घेतला. चारी बाजू सारख्याच असल्या की पाव भाग सोडवला तरी चालतं, बाकीचे तीन पाव तसेच वागतात असं मानायचं. (घरात हा नियम लावून पाहिला, चालत नाही.) जुलैत एका रात्री पहाटे तीनला लाइट गेली. इन्व्हर्टरवर फक्त फ्रिज आणि आईंच्या खोलीतला पंखा आहे, आणि तो क्रम बदलण्याची माझी हिंमत नाही.

ऑगस्टपासून रन पुरे व्हायला लागले, आणि त्याहून लाजिरवाणा भाग सुरू झाला. उत्तर यायचं, पण टेस्टशी जुळायचं नाही. मग आकडे हलवायचे. दाबाखाली चिरडताना काँक्रीट किती सुजतं हे एका कोनाने सांगायचं असतं, डायलेशन अँगल. कोणाच्या पेपरात ३०, कोणाच्या ३८, कोणाच्या ४०. पाककृतीत शेवटी 'मीठ चवीनुसार' लिहितात ना, तसला हा प्रकार. नळी आणि काँक्रीट यांच्यातलं घर्षण कोणी ०.२५ घेतं, कोणी ०.६. मी वहीत तक्ता आखला आणि एकेक जोडी लावत गेले. सर मीटिंगमध्ये विचारायचे, "०.६ का घेतलं?" मी म्हणायचे, "साहित्यात तसं आहे, सर." खरं कारण असं की ०.२५ वर येणारा आलेख मला आवडत नव्हता.

धनत्रयोदशीला पहाटे साडेपाचला रन संपला. टेस्टचा आलेख काळा, मॉडेलचा लाल. लाल रेघ काळीवरून गेली, तिच्यासोबत वाकली, शिखराला पोचली ९०५ वर. ९१२ आणि ९०५! एक टक्काही फरक नाही. चित्रात खालच्या टोकाशी हत्तीचा पायसुद्धा फुगला होता, मामांच्या चुन्यात फुगला होता तसाच. मी नवऱ्याला उठवलं. तो म्हणाला, "छान," आणि कूस बदलली.

आईंना मात्र बोलावून दाखवलं. स्वयंपाकघरात अनारशांची कढई चढली होती, तरी त्या आल्या. दोन्ही रेघा बघून म्हणाल्या, "एकावर एक बसल्या की."

सरांना पाठवायच्या आधी आकडे पुन्हा एकदा तपासावेत म्हणून मार्चची वही काढली. मामांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'क्यूब, २८ दिवस, ३८.२.' मॉडेलमध्येही काँक्रीटची ताकद ३८.२. बरोबर. मग तो 'क्यूब' शब्द नजरेत अडकला. आपल्याकडे काँक्रीट १५० मिलिमीटरच्या ठोकळ्यावर तपासतात. मी मॉडेलमध्ये जी समीकरणं घातली होती ती सगळी सिलिंडरच्या ताकदीवरची. सिलिंडरची ताकद ठोकळ्याच्या साधारण ०.८ पट. म्हणजे ३०.६ हवी होती. आठ महिने मी कॉलममध्ये फुकटचं काँक्रीट भरत होते, आणि कोन आणि घर्षण अशा बेताने हलवत होते की ते कोणाला कळू नये. मलासुद्धा.

एक आकडा बदलला आणि रन परत लावला. अंदाजानं हिशेब केला तर शिखर सत्तरएक किलोन्यूटनने तरी खाली येणार. म्हणजे तो कोन परत, ते घर्षण परत.

नऊ वाजता मामांना दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला फोन केला आणि जाता जाता विचारलं, मोडलेला कॉलम जपून आहे ना, फोटो पुन्हा काढावे लागतील.

"आहे की मॅडम. लॅबचा दरवाजा वाऱ्याने आपटतो, त्याला लावलाय. जागचा हलत नाही."

आई बशीत पहिला अनारसा घेऊन आल्या, खसखशीची बाजू वर. स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "परत लावलंस?"

"हो, आई."

"मग खा आधी. तूप निथळलंय."

स्क्रीनवर इन्क्रिमेंट २३ चालू होती. अटेम्प्ट दुसरा.