बंदराची क्षमता धक्क्यावर नाही, यार्डात मोजा

पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराचा विषय निघाला की आकडे ठरलेले असतात. ७६,२२० कोटी रुपये, प्रत्येकी १,००० मीटरची ९ कंटेनर टर्मिनल, सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली. खोली हवीच, वाद नाही. उरणजवळच्या न्हावा शेवा बंदराची जहाजांची वाट खोदूनही १५ मीटरच्या आसपासच राहते, वर खाडीचा गाळ सतत उपसत बसावं लागतं. पण नुसती खोली आणि धक्क्याची लांबी पाहून बंदराचं भविष्य सांगणं म्हणजे मुंडावळ्या बघून संसाराचा अंदाज बांधणं.

जहाजाला ४ क्रेन लावल्या, प्रत्येकीने तासाला २५ कंटेनर हलवले, तर ३,००० कंटेनरचं काम ३० तासांत उरकतं. कोंडी होते ती त्यानंतर. समजा, यार्डात, म्हणजे कंटेनर रचून ठेवायच्या बंदरातल्या आवारात, १०,००० कंटेनरची जागा आहे आणि प्रत्येक कंटेनर सरासरी ५ दिवस पडून राहतो. मग दिवसाला २,००० नवे कंटेनर घेता येतात. मुक्काम ४ दिवसांवर आणा, तेच यार्ड २,५०० घेईल. एक वीटही न रचता क्षमता २५ टक्क्यांनी वाढली!

उलटंही तितकंच खरं. यार्ड पाऊण भरलं की हलवाहलव सुरू होते. ४ च्या थप्पीत तळाचा कंटेनर हवा असेल तर आधी वरचे ३ उचलून बाजूला ठेवायचे. या कामाचे वेगळे पैसे सहसा कुणी देत नाही, पण थप्प्या लावणारी चाकांवरची आरटीजी क्रेन तेवढा वेळ अडकते. तिच्यामागे ट्रेलर थांबतात, रांग गेटबाहेर येते, आणि उरण-पनवेलच्या रस्त्यावर लोक ट्रेलरवाल्यांना शिव्या देत बसतात. ट्रेलरवाल्याचा यात काडीचा दोष नसतो. त्याची खेप बुडते ती वेगळीच.

डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी (डीपीडी), म्हणजे आयातदाराने कंटेनर थेट बंदरातूनच उचलणं, ही सुधारणा म्हणूनच चांगली, पण तिची मेख कुणी सांगत नाही. पूर्वी आयातीचे कंटेनर सीएफएसला, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाला, जायचे. एका सीएफएसचे सगळे कंटेनर एका थप्पीत लावले की येईल त्या ट्रेलरवर वरचा कंटेनर चढवायचा, काम संपलं. डीपीडीमध्ये प्रत्येक आयातदाराला त्याचाच कंटेनर हवा, आणि तो नेमका तळाशी असतो. आयातदाराने ट्रेलरची वेळ आगाऊ कळवली आणि टर्मिनलने त्या वेळेनुसार थप्पी लावली, तरच हे जमतं. नाहीतर सीएफएसचा खर्च वाचला म्हणायचं आणि शिपिंग लाइनला डिटेन्शन, म्हणजे कंटेनर वेळेत परत न दिल्याचा आकार, भरायचं. आमच्या मते बंदराचं ‘धोरणात्मक व्यवस्थापन’ म्हणतात ते इथे आहे, भूमिपूजनाच्या मंडपात नाही.

दुसरी फसवणूक सरासरीची. ‘सरासरी मुक्काम इतके तास’ असं प्रसिद्ध होतं, पण निर्यातदार सरासरीवर बेत आखत नाही, सगळ्यात वाईट दिवसावर आखतो. नाशिकची द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास ठेवलेल्या रीफर कंटेनरमधून जानेवारी ते एप्रिल निघतात. जहाजाची वेळ सरकली की गेट उघडण्याची वेळही सरकते, आणि निघालेले ट्रेलर माल थंड ठेवायला जनरेटरवर डिझेल जाळत रस्त्यात उभे. २०२३ च्या डिसेंबरपासून लाल समुद्र टाळून जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, तेव्हा वेळापत्रकं अशीच कोलमडली. असा फटका बसलेला कोरड्या मालाचा निर्यातदार पुढच्या वेळी २ दिवस आधीच कंटेनर पाठवतो. सगळ्यांनी तसंच केलं की यार्ड भरतं, आणि ज्या उशिराची भीती होती तोच होतो. म्हणून सरासरी नको, सर्वांत रखडलेल्या १० टक्के कंटेनरचा आकडा दर महिन्याला टर्मिनलवार जाहीर करा. टर्मिनलवाल्यांना ते रुचणार नाही, पण रुचलं पाहिजे असं कुठे आहे?

रेल्वेचं थोडक्यात. ४५ वाघिणींचा रेक ९० टीईयू, म्हणजे २० फुटी ९० कंटेनर, नेतो, दुमजली असेल तर १८०. फक्त मालगाड्यांसाठीच्या पश्चिम मालवाहतूक मार्गिकेचा वैतरणा ते न्हावा शेवा हा सुमारे १०० किलोमीटरचा टप्पाच सगळ्यात मागे राहिला. गुजरातच्या मुंद्रा बंदराने कंटेनरमध्ये न्हावा शेवाला मागे टाकलं, त्यामागचं हेही एक कारण असावं.

आता मालकी. २०२२ मध्ये स्वतःचं शेवटचं कंटेनर टर्मिनल खासगी कंपन्यांकडे दिल्यावर न्हावा शेवा पूर्णपणे ‘घरमालक’ बंदर झालं, म्हणजे जागा बंदराची, टर्मिनल चालवणारे दुसरे. घरमालकाने फक्त भाडं वसूल करून भागत नाही, जिना आणि पाणी त्यानेच बघायचं. इथे जिना म्हणजे जहाजांची वाट. ७ ऑगस्ट २०१० ला एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं मुंबईजवळ आदळली, चित्रावरचे कंटेनर पाण्यात पडले, आणि मुंबई व न्हावा शेवा दोन्ही बंदरं काही दिवस ठप्प झाली. टर्मिनल कितीही असोत, वाट एकच होती.

आणि जमीन. १९८४ च्या जानेवारीत उरणमध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या, जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनात गोळीबार होऊन ५ शेतकरी गेले. त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं, पण न्हावा शेवाच्या प्रकल्पग्रस्तांना त्याची पत्रं वाटायला २०१४ उजाडलं. वाढवणला भरावच १,४४८ हेक्टरचा आहे, म्हणजे तिथे जाणार आहे ती मच्छीमाराची मासे धरण्याची जागा. तिचा सात-बारा नसतो. तेव्हा नुकसान कोणत्या बोटीचं, किती हंगामांचं आणि कोणत्या दराने मोजणार, हे भराव पडायच्या आधी गावोगावी लेखी लावा.