कोटोरमधल्या त्या चार तासांबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. काल टूर मॅनेजरला दादरच्या ऑफिसात समोर बसवून त्या दिवसाचा तासातासाचा हिशेब विचारला, म्हणून उत्तराला उशीर झाला.

तुम्ही लिहिलंय की आमच्या क्रूझच्या पत्रकात मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरला आठ तास छापले होते, मिळाले चार. ‘किल्ला दर्शन’ लिहून किल्ल्यावर नेलं नाही. जवळच्या पेरास्ट गावासमोरची बेटं कार्यक्रमात असून दाखवली नाहीत. आणि दोन तास हातात असताना मॅनेजरने सगळ्यांना हाकलत बोटीवर नेलं. पहिल्या तिन्ही तक्रारी मला मान्य आहेत. चौथीबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

जहाजाच्या वेळापत्रकात ‘आगमन ८, प्रस्थान ४’ होतं आणि आम्ही ते तसंच उचलून छापलं. पण ते तास जहाजाचे, प्रवाशांचे नाहीत. कोटोर लहान गाव आहे, धक्क्यावर मोठ्या जहाजांना जागा मोजकीच. बाकीच्यांनी खाडीत नांगर टाकायचा आणि माणसं छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्याला सोडायची. आपल्या जहाजाला त्या दिवशी नांगरच टाकावा लागला. रविवारी राजपुरीच्या धक्क्यावर जंजिऱ्याच्या होडीसाठी ताटकळलेल्या कुणालाही ही रांग समजेल. शिवाय जहाज कंपनीकडून सहल घेतलेल्यांना आधी उतरवतात. आपला नंबर पुकारला पावणेदहाला, जमिनीला पाय लागले सव्वादहाला.

कंपनीची सहल आम्ही घेतली नव्हती, कारण ती माणशी बरीच महाग पडते. म्हणजे तुमचे पैसे वाचवायला आम्ही तुमचा वेळ खर्च केला, आणि तोही तुम्हाला न विचारता. तुमच्या रिव्ह्यूतलं मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य हेच: ‘आम्हाला निदान विचारायचं तरी.’ विचारायलाच हवं होतं.

आता किल्ला. आमच्या धंद्यात ‘दर्शन’ हा शब्द सोयीने वापरतात. बसमधून दाखवलं तरी दर्शन आणि आत नेलं तरी दर्शन. कोटोरचा तट गावामागच्या डोंगरावर सरळ चढत जातो, वरच्या सॅन जोव्हानी किल्ल्यापर्यंत सुमारे १,३५० पायऱ्या आहेत, उंची २६० मीटर. पायऱ्या झिजलेल्या, सावली जवळजवळ नाही, आणि आपण गेलो जूनमध्ये. ‘दर्शन’ म्हणताना आमच्या मनात खालून बघणं होतं, पण ते कुठेही लिहिलं नव्हतं. तुम्ही बूट घेऊन आलात, आईंना खाली बसवून निदान अर्ध्या वाटेवरच्या चर्चपर्यंत जायचं ठरवून आलात. तुमची काहीच चूक नाही.

बेटांचं तर मला फारच वाईट वाटलं. पेरास्टला जायचा एकच किनाऱ्याचा रस्ता, जहाजं आली की तो तुंबतो. सव्वादहानंतर तिकडे जाणं धोक्याचं होतं, मॅनेजरने रद्द केलं ते योग्यच. पण ताई, ती बेटं सकाळी जहाजावरूनच दिसली असती. कोटोरला पोचायला जहाज वेरिगेच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून आत शिरतं, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि पलीकडे पाण्यात ती दोन बेटं. एक नैसर्गिक, दुसरं माणसांनी दगड टाकून उभारलेलं. १४५२ साली कोळ्यांना तिथल्या खडकावर मेरीची तसबीर सापडली अशी आख्यायिका आहे, तेव्हापासून दगड टाकायची रीत, आणि आजही २२ जुलैला संध्याकाळी होड्यांतून दगड नेऊन टाकतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात, तिथे दगड. हे आदल्या रात्री सांगून सगळ्यांना पहाटे डेकवर बोलवायला हवं होतं. आपला ग्रुप तेव्हा झोपेत होता.

आता चौथी तक्रार. तुम्ही लिहिलंय की मोबाईलवर दीड वाजला होता, चौकातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळातही दीडच, आणि मॅनेजर अडीच झाले म्हणून ओरडत होता. ते घड्याळ बरोबर होतं आणि मॅनेजरही बरोबर होता. आपण ग्रीसहून आलो होतो. मॉन्टेनेग्रोची वेळ ग्रीसच्या एक तास मागे, पण जहाजाने आपलं घड्याळ ग्रीसच्याच वेळेवर ठेवलं होतं. शेवटची बोट साडेतीनची, म्हणजे तुमच्या मोबाईलप्रमाणे अडीचची. तुम्हाला दोन तास वाटत होते, हातात एकच होता, त्यातही बोटीची रांग. स्वतःच्या स्वतः उतरलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. मागे राहिलो असतो तर चाळीस माणसं, त्यात सात ज्येष्ठ, सामान आणि औषधं जहाजावर, आणि पुढचं बंदर वेगळ्या देशात. त्याने घाई केली याबद्दल मी त्याला एक शब्दही बोलणार नाही.

मात्र वेळेचा हा घोळ त्याने सकाळीच सांगायला हवा होता, आणि तुमच्या आई चालत असताना त्यांच्यावर आवाज चढवायला नको होता. त्यासाठी मी त्याच्या वतीने नाही, माझी म्हणून माफी मागते. तो स्वतःही आईंना फोन करणार आहे, त्यांची हरकत नसेल तर.

पेरास्टच्या बस आणि बोटीचे पैसे ग्रुपमधल्या सगळ्यांना परत करतोय, मागितले नसले तरी. नव्या पत्रकात ‘किल्ला खालून पाहणे’ असं स्पष्ट छापलंय, किनाऱ्यावरचे तास टेंडर बोटींचा वेळ धरून लिहिलेत, आणि जहाज कंपनीची सहल हवी की नको हे बुकिंगच्या वेळीच दरासकट विचारणार आहोत.

ग्रुपमधले एक काका त्या दिवशी पहाटे एकटेच डेकवर होते. त्यांनी काढलेले बेटांचे फोटो त्यांना विचारून घेतलेत. मोठे प्रिंट काढून आईंसाठी पाठवते, पत्ता बुकिंगच्या फॉर्मवरचाच आहे ना, तेवढं कळवा.