फिजिओथेरपीला अ‍ॅडमिशन घेताय? अभिनंदन, आता मालिशवाले म्हणवून घ्यायची सवय करा

तर ठरलं म्हणायचं. नीटचा स्कोर घरात मोठ्यानं सांगायचा राहिला नाही, बाबांनी पेड सीटचा आकडा ऐकून पाणी मागितलं, शेजारच्या काकूंनी 'मग आता साधं बीएस्सीच काय गे?' म्हणून दोनदा विचारून झालं, आणि तुम्ही बीपीटीचा, म्हणजे फिजिओथेरपीच्या डिग्रीचा, फॉर्म भरून टाकला. उत्तम केलंत. आमच्या बॅचला ४ वर्षं आणि वर ६ महिने इंटर्नशिप होती, आणि एवढ्या काळात मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न कुठल्या व्हायवातला नव्हता. तो होता, 'म्हणजे मालिशच ना?'

यावर चिडायचं नाही. 'होय की' म्हणायचं आणि पुढं जायचं.

गावच्या जत्रेला मात्र जायचंच. पंगत बसलीय, रस्सा वाढणारा येतोय आणि समोरचे मामा एका हातानं भाकरी मोडत दुसऱ्या हातानं पँट गुडघ्यापर्यंत वर करतात, 'हे बघ की जरा, जिना चढताना कटकट वाजतंय.' तुम्ही पहिल्या वर्षाला असाल, तुम्हाला अजून फक्त हाडं माहीत असतील, ती पण अख्खी २०६ नाही. तरी हात लावून 'हं' म्हणायचं. हे 'हं' फार महत्त्वाचं आहे, सिलॅबसात नाही, पण त्याच्यावर सगळा धंदा चालतो. त्याच मामांनी नंतर दुसऱ्या पाहुण्यांना सांगितलं, ही आमची डॉक्टर, तसली नाही, व्यायामाची.

डॉक्टरवरनं आठवलं. नावापुढं डॉ. लावायचं का नाही हे आधीच ठरवून ठेवू नका, दमानं घ्या. २०२५ च्या सप्टेंबरात दिल्लीतल्या आरोग्यसेवा महासंचालनालयानं पत्र काढलं की फिजिओथेरपिस्टनी डॉ. लावू नये, आणि दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागं घेतलं. म्हणजे एक रात्र आम्ही सगळे बिनडॉक्टरचे झोपलो आणि संध्याकाळपर्यंत परत होतो तिथं आलो. पाटी रंगवणाऱ्याला एवढंच सांगून ठेवा की पुढं थोडी जागा सोड.

आता अभ्यास. अ‍ॅनाटॉमीत ब्रेकियल प्लेक्सस नावाचं एक प्रकरण असतं, मानेतनं हातात उतरणाऱ्या नसांचं जाळं. ५ मुळं, त्यांचे ३ ट्रंक, त्यांचे ६ डिव्हिजन, परत ३ कॉर्ड आणि शेवटी ५ फांद्या. बघायला उसाच्या पाटासारखं, कुठलं पाणी कुठल्या सरीला जातंय कळत नाही. पण समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका, चित्र पाठ करा, रोज सकाळी एकदा काढा, पेपरात काढा आणि विसरा. कारण हे पेपर काढणारी युनिव्हर्सिटी तिकडं बंगळूरला, राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठ, १९९६ सालापासूनचं, राज्यभरची मेडिकल, डेंटल, नर्सिंग, फार्मसी, फिजिओ अशी शेकडो कॉलेजं त्याच्याखाली. इथनं, बेळगावाकडनं, ५०० किलोमीटर. तिथं तुम्ही म्हणजे अमक्याची पोरगी नाही, तुम्ही म्हणजे रजिस्टर नंबर, आणि खरं सांगू का, सगळ्या गावाला तुमचा गुडघा-खांदा माहीत असताना कुठंतरी नुसता नंबर असणं बरं वाटतं.

भाषेचं टेन्शन घेऊ नका, सगळं इंग्लिशमध्ये असतं. फक्त पेशंट नसतो. आपल्याकडं कसंय, पुस्तक इंग्लिश, सिनिअर कन्नडमध्ये बोलणार, घरी मराठी आणि ओपीडीत ह्या तिन्हीची भेळ. तुम्ही शाळेतलं शुद्ध कन्नड आठवून 'एल्लि नोवु?', म्हणजे कुठं दुखतंय, विचारता, तर गोकाकचे आजोबा म्हणतात 'ब्यानी', तिकडच्या बोलीतलं दुखणं. नोवु म्हटलं की दुखणं, हे पाठ करून गेलेले तुम्ही तिथंच गारद. मराठी पेशंट आला म्हणून खूश व्हायचं काम नाही, कारण त्याला दुखत नसतंच. त्याला ठणकतं, कळ निघते, चमक भरते, उसण धरते, शीर आखडते, मुंग्या येतात, आणि ह्या सगळ्याला केस शीटवर एकच शब्द आहे, पेन. फार तर पुढं रेडिएटिंग, म्हणजे पसरत जाणारं, लिहा.

मग दुखण्याला मार्क द्यायला सांगायचं असतं. ० म्हणजे काही नाही, १० म्हणजे सहनच होत नाही, किती? मी एका खानापूरकडच्या आज्जींना हे तीन वेळा समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, विचार केला आणि म्हणाल्या, 'बारा आणे.' मी साडेसात लिहिलं. बारा आणे म्हणजे रुपयातला पाऊण, हिशोब बरोबर आहे, आणि माझ्या चार वर्षांत एवढं अचूक उत्तर दुसऱ्या कुणी दिलं नाही.

इंटर्नशिपला पेशंटला सल्ला कसा द्यायचा तेही सांगते, हे तर सोप्पंय. निपाणीकडची एक मावशी आली. बिड्या वळते. मान वळत नव्हती, उजव्या अंगठ्यात मुंग्या, बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी. मी विचारलं, कसं बसता दाखवा. तिनं खुर्चीवरनं उतरून फरशीवर मांडी घातली, मांडीवर नसलेलं सूप ठेवलं, मान खाली घातली आणि रिकाम्या बोटांनी पान गुंडाळून, दोरा मारून, तोंड दाबून दाखवलं. झरझर, एकामागनं एक. ती थांबेचना, बोलत बोलत आठ-दहा वळून टाकल्या, हवेच्या.

अशा वेळी गोंधळायचं नाही. पुस्तकात पानच आहे. हनुवटी आत ओढायचा व्यायाम, १० वेळा, दिवसातनं तीनदा. दर अर्ध्या तासानं उठून चार पावलं चाला. खाली बसू नका, टेबल-खुर्ची वापरा. मान वाकवायचं काम काही दिवस बंद. मी सगळं नीट सांगितलं, मराठीत सांगितलं, चित्र पण काढून दिलं.

मावशीनं कागदाची घडी केली, कमरेच्या पिशवीत घातली आणि विचारलं, 'हजार बिड्यांमागं पैसं मिळत्यात गं पोरी. मी उठून चालायला लागल्यावर बिड्या कोण वळणार, तू?'

ह्या प्रश्नाला 'हं' चालत नाही, मी करून बघितलं.

पण केस शीटला शेवटचा रकाना असतोच. तिथं इंग्लिशमध्ये लिहायचं, पेशंट सूचना पाळत नाही. आमच्या मॅडमनी त्याच्यावर लगेच सही केली.