‘आता त्यांना स्वस्थ बसू द्या’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोन दिवस उत्तराविना राहिली, त्याबद्दल दिलगीर आहे. पहिल्यांदा वाचली तेव्हा खरं सांगायचं तर राग आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा कळलं, की तुमचा पहिला मुद्दा अगदी रास्त आहे. रागाच्या भरात लिहिलं असतं तर तोच नेमका निसटला असता.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ज्येष्ठांचं पडणं बऱ्याच अंशी टाळता येतं, असा लेख मी लिहिला होता. त्यात तोल सुधारण्यासाठी ‘एका पायावर १० सेकंद उभं राहा’ असं एक वाक्य होतं. ते वाचून प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांच्या ७९ वर्षांच्या आईंनी खोलीच्या मधोमध उभं राहून तसं केलं आणि त्या पलंगाच्या कडेवर आपटल्या. हाड वाचलं, पण खांदा महिनाभर दुखला. त्याआधीही त्या दोनदा पडल्या होत्या, दोन्ही वेळा पहाटे, पलंगाजवळ. आता सात आठवडे घरच्यांनी त्यांना एकटं उठू दिलेलं नाही. हवं ते हातात आणून देतात, बाथरूमला जाताना कुणीतरी दंड धरतं. बाथरूममध्ये न घसरणाऱ्या फरशा बसवल्या, भिंतीला बार लावले, वॉकर आणला. या सात आठवड्यांत त्या एकदाही पडल्या नाहीत. ‘तुमच्या व्यायामापेक्षा आमची खुर्ची बरी. वय झालं की माणसं पडणारच. आता त्यांना स्वस्थ बसू द्या. आणि तुमचे आकडे तुमच्या व्यवसायाच्या सोयीचे आहेत,’ असं तुमचं म्हणणं.

आधी चुकीबद्दल. ती माझी आहे. एका पायावर उभं राहणं ही चौथी पायरी आहे आणि मी ती पहिली असल्यासारखी लिहिली. कुठे उभं राहायचं, कशाला धरायचं, कुणी हे एकट्यानं मुळीच करू नये, यातलं काहीच लिहिलं नाही. क्लिनिकमध्ये हे मी रोज तोंडी सांगते, त्यामुळे लिहिताना ते गृहीतच धरलं गेलं. पण वाचणाऱ्याच्या घरी मी हजर नसते. खरी रीत अशी: स्वयंपाकघराच्या ओट्याकडे तोंड, दोन्ही हात ओट्यावर, मागे भक्कम खुर्ची आणि शेजारी घरातलं कुणीतरी. आधी नुसती पावलं जुळवून उभं राहायचं. ते १० सेकंद सहज जमलं की एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायाच्या मधल्या खोलगट भागाशी आणायचा. ते पक्कं झालं की एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून एका रेषेत. एक पाय उचलणं त्यानंतर. हातही असेच टप्प्याटप्प्यानं सोडायचे: दोन्ही, मग एक, मग फक्त बोटं टेकलेली. कुणी दुसऱ्या पायरीवरच कायमचं राहिलं तरी काही बिघडत नाही. मूळ लेख मी दुरुस्त केला आहे.

आता खुर्चीबद्दल. सात आठवडे पडल्या नाहीत हे खरं, पण खुर्चीत बसून कुणी सहसा पडत नाही. प्रश्न उठायच्या वेळचा आहे, आणि कधीतरी त्या उठणारच आहेत. रात्री तुम्हाला झोपेतून उठवायला नको म्हणून, किंवा फोन वाजतोय म्हणून. त्या वेळी पायात किती ताकद उरली असेल? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी ज्येष्ठांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतली जवळपास एक किलो मांसपेशी झडली. खुर्ची म्हणजे अंथरूण नव्हे, मान्य. पण सात आठवडे म्हणजे १० दिवसही नव्हेत.

आणि नुसती ताकदच जाते असं नाही. माझ्याकडे एक आजोबा यायचे. घरचे त्यांना तीन महिने काखेत हात घालून उठवत होते, अगदी प्रेमानं. मी म्हटलं, आजोबा, जरा उठून दाखवा. त्यांनी काय करावं? पाय जागचे हलले नाहीत, पाठ खुर्चीला टेकलेलीच, आणि उजवा हात आपोआप बाजूला वर गेला. कुणीतरी धरेल म्हणून. मांड्यांत जोर होता, मी तपासला होता. उठायचं कसं, हेच अंग विसरलं होतं. माणूस उठतो तेव्हा आधी पुढे झुकतो. नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेल्याशिवाय बूड खुर्चीवरून सुटत नाही. काखेत हात घालून वर ओढलं की हे झुकणंच बंद होतं आणि सगळं वजन टाचांवर, म्हणजे मागे, जातं. अशी माणसं पुढे मागच्या मागे पडतात. आम्ही खुर्चीवर एक घट्ट उशी ठेवून बैठक उंच केली, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायला लावली आणि ‘नाक पुढे’ एवढाच घोष लावला. एका वेळी पाच उठाबशा, दिवसातून तीनदा. आजोबांचा तो हात वर जायचा थांबायला सहा आठवडे लागले.

तुम्ही दंड धरता त्याचंही तेच. पाय अडखळला की माणसाला वाचवतं ते झटकन टाकलेलं पुढचं पाऊल. ते त्याचं त्यालाच टाकावं लागतं, आणि नुसतं दंड धरून पूर्ण वजनाचं माणूस सावरत नाही. बऱ्याचदा दोघंही पडतात. चालताना जवळ राहा, अर्धं पाऊल मागे आणि किंचित बाजूला. धरू नका असं म्हणत नाही, धरून ओढू नका.

पण तुमच्या प्रतिक्रियेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही सहज लिहून पुढे गेलात: ‘दोन्ही वेळा पहाटे, पलंगाजवळ.’ आणि पुढे कंसात, की झोपेची गोळी बरीच वर्षं चालू आहे, बीपीची दोन आहेत. म्हणजे फरशा, बार, सगळा खर्च बाथरूमवर झाला. आई तर बाथरूमपर्यंत पोचल्याच नव्हत्या.

पहाटे पलंगावरून उठल्यावर दोन-चार पावलांत माणूस कोसळतो तेव्हा मला आधी फरशीचा संशय येत नाही. आडवं असताना ठीक असलेलं बीपी उभं राहताच खाली येतं का, हे पाहावंसं वाटतं. घरी बीपीचं यंत्र असेल तर पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा मोजा, मग उभं करून एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. शेजारी कुणीतरी उभं राहूनच. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. बीपीच्या गोळ्यांची वेळ किंवा मात्रा बदलावी लागेल, ते ठरवणं त्यांचं काम. झोपेच्या गोळीचंही तसंच. पहाटे चार वाजता तिचा अंमल पुरता उतरलेला नसतो. १९९९ साली न्यूझीलंडमध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात अशा गोळ्या हळूहळू कमी करून थांबवल्या, तर पडणं ६६ टक्क्यांनी घटलं. कुठल्याही व्यायामानं एवढा फरक पडल्याचं मी पाहिलेलं नाही. (अभ्यास संपल्यावर बऱ्याच जणांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, हेही सांगायला हवं. ती सवय सुटणं सोपं नसतं.) मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नका, त्याचे वेगळेच त्रास होतात.

तोवर आज रात्रीपासून एवढं करता येईल. दिव्याचं बटण पलंगावरून हाताला लागेल असं हवं, दाराशेजारी नको. उठल्यावर मिनिटभर काठावर बसायचं आणि पावलं वरखाली हलवायची, म्हणजे पोटऱ्यांतलं रक्त वर सरकतं. बसल्यावर तळपाय पूर्ण जमिनीला टेकत नसतील तर पलंग उंच आहे, गुडघे कमरेच्या वर येत असतील तर फार बुटका. पलंग ते बाथरूम या वाटेवर गालिचा, वायर, स्टूल काही नको. वॉकर भिंतीशी नाही, पलंगाच्या ज्या बाजूनं उतरतात त्या बाजूला, हाताशी. त्याची उंचीही पाहा: सरळ उभं राहून हात खाली सोडला की वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी. अनेक घरांत वॉकर दुकानातून आला तसाच असतो आणि माणूस त्यावर वाकून चालतो.

बार लावलेत ते चांगलंच. फक्त आई कुठल्या हातानं काय धरतात ते एकदा त्यांना बसायला-उठायला लावून पाहा. मी स्वतः एका घरी भिंत मोजून, खुणा करून बार लावून घेतले. आठवड्यानं आजी म्हणाल्या, ‘छान आहेत, पण मी इकडून उठते.’ त्या अजून टॉवेलच्या दांडीलाच धरत होत्या, आणि ती दांडी दोन बारीक स्क्रूंवर होती.

आकड्यांबद्दल. २०१९ साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं १०८ चाचण्यांचा आढावा घेतला. व्यायामानं पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झालं, तोल आणि ताकद दोन्हींचे व्यायाम एकत्र केले तिथे ३४ टक्क्यांनी. नुसतं चालण्यानं पडणं कमी होतं, असा भरवशाचा पुरावा त्यात नव्हता. घरातल्या बदलांचा आढावा २०२३ चा. ज्यांना पडण्याचा धोका जास्त, म्हणजे जे वर्षभरात पडलेले आहेत वगैरे, त्यांच्यात पडणं ३८ टक्क्यांनी घटलं. सरसकट सगळ्यांच्या घरी बदल केले तर फायदा दिसला नाही. तुमच्या आई पहिल्या गटात येतात. आता मी मूळ लेखात न लिहिलेलं: २०२० साली ब्रिटन आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्या आल्या. पडण्याचा धोका असलेल्यांना शोधून व्यायाम, औषधांची तपासणी असं पुरवलं, तरी पहिल्या चाचणीत अस्थिभंग कमी झाले नाहीत आणि दुसरीत गंभीर इजांमध्ये खात्रीनं म्हणावा असा फरक दिसला नाही. हे लिहायला हवं होतं. माझं मत त्यामुळे बदललेलं नाही, पण ‘व्यायाम केला की हाड मोडणार नाही’ असं वचन कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका, मी दिलं तरी.

व्यवसायाचं म्हणाल, तर ओटॅगो नावाची जी पद्धत मी वापरते ती मुळात घरी करण्यासाठीच न्यूझीलंडमध्ये बसवलेली आहे. फिजिओथेरपिस्टच्या मोजक्या भेटी, बाकी आठवड्यातून तीनदा आपलं आपण. आमच्यासाठी धंदा म्हणून ती तशी गैरसोयीचीच. सोडली की फायदाही ओसरतो, हे मात्र आहे.

‘वय झालं’ यावर एवढंच: १९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धनिवासातल्या दहाएक जणांना पायांच्या ताकदीचे चांगले जड व्यायाम दिले होते. सरासरी वय ९०, सर्वांत मोठे ९६ वर्षांचे. आठ आठवड्यांत पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तुमच्या आई त्यांच्यापुढे लहान आहेत.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. तुमच्या प्रतिक्रियेत ‘आम्हाला भीती वाटते’ हे तीनदा आलं आहे आणि ती भीती मला कळते, आईला जमिनीवर पडलेलं पाहणं फार वाईट असतं. पण आईंना काय वाटतं, हे एकदाही आलेलं नाही. त्यांच्याबद्दल त्यात एकच गोष्ट कळते: कुणी न सांगता, ७९ व्या वर्षी, लेख वाचून त्या उठल्या आणि व्यायाम करून पाहिला. ज्या माणसाला स्वस्थ बसायचं असतं ते असं करत नाही.

पुढच्या प्रतिक्रियेत मला तीन गोष्टी कळवा. आडवं आणि उभं असतानाचं बीपी. खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, आणि येत असेल तर ३० सेकंदांत किती वेळा (शेजारी उभे राहून मोजा). आणि चालताना कुणी बोलायला लागलं की त्या थांबतात का. मधल्या काळात उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा शुद्ध हरपली तर माझ्या उत्तराची वाट पाहू नका, थेट डॉक्टरांकडे जा. आणि जमलं तर या वेळची प्रतिक्रिया आईंनाच लिहू द्या.