अदलाबदल करायची तर पुरुमेंतासकट करा

नवरा घरी आणि बायको नोकरीवर असा सिनेमा आला की लगेच कौतुक करणारे आणि नाकं मुरडणारे असे दोन तट पडतात. माझं म्हणणं त्या दोन्ही तटांत बसत नाही. हे सिनेमे नवऱ्याच्या हाती आमटीचा डाव देतात, घर देत नाहीत.

‘की अँड का’ (२०१६) घ्या. आर. बाल्कींचा कबीर हौसेने घर सांभाळतो. पदरात पोर नाही, सासू समजूतदार, आणि पुढे याच कामामुळे तो चक्क प्रसिद्ध होतो. गृहिणीला या कामाबद्दल कोण टीव्हीवर बोलावतं? उलट जिओ बेबींच्या ‘द ग्रेट इंडियन किचन’मध्ये (२०२१) सिंकचा पाइप गळत असतो. नायिका प्लंबर बोलवा म्हणून सांगत राहते, नवरा विसरत राहतो. त्या एका गळक्या पाइपात तिची सगळी घुसमट आहे.

आपलं गोव्याकडचं बांगड्याचं हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणातली आमटीच बघा. चार माणसांना पाच-सहा बांगडे. कल्ले, आतडी काढून दोन-तीन पाण्यांनी धुवायचे. एका नारळाचा चव, आठ-दहा सुक्या मिरच्या, चमचाभर धणे, हळद, सुपारीएवढी चिंच. वाटण गंधासारखं व्हायला हवं, नाहीतर पाणी वर आणि चोथा तळाशी. तिरफळं बिया काढून, ठेचून वरून घालायची. वाटणात गेली की कडवटपणा येतो. मासळी पडल्यावर डाव फिरवायचा नाही, भांडंच धरून हलवायचं.

एवढं कुठलाही नट आठवड्यात शिकेल आणि पडद्यावर छान दिसेल. पण सोमवारी शिवराक म्हणजे बिनमासळीचं, आज कुठली मासळी ताजी, सासऱ्यांना काटे चालत नाहीत, सिलिंडर कधी लावला होता, हे कोणाच्या डोक्यात असतं? २०१९च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घरकामात घालवतात आणि पुरुष ९७. मनात चालू असलेली यादी अशा मोजणीत कुठून यायची!

गोव्यात तर लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर बायको मिळकतीत अर्ध्या वाट्याची मालकीण असते. तिच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर विकता येत नाही. तरी त्याच घरात आज जेवायला काय, हा प्रश्न तिलाच विचारला जातो. या विसंगतीवर इथे एक अख्खा सिनेमा उभा राहू शकतो.

कोणी करणार असेल तर कथा मे महिन्यात सुरू करावी. १ जून ते ३१ जुलै मासेमारीचे ट्रॉलर बंद, म्हणजे त्याआधी पुरुमेंत, पावसाळ्याची बेगमी, भरायला हवं: सुकी सुंगटं (कोळंबी), खारे बांगडे, मिरच्या, चिंच, कोकमाची सोलं. उन्हं कमी पडली की डब्यात बुरशी धरते आणि ते जुलैत कळतं, तेव्हा इलाज नसतो. हे सगळं नवऱ्याकडे द्यावं. मिरच्या कधी उन्हात घालायच्या, आभाळ भरून आलं की कधी काढायच्या, किती किलो पुरतील, हे त्याने ठरवावं, तिला ऑफिसात एकही फोन न करता.