वनस्पती-ओळख अभ्यासक्रमाबद्दलच्या आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

आमच्या वनस्पती उद्यानातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला आपण एकच तारा दिलात. आपल्या तक्रारी अशा: ऑर्किडचे दालन दाखवायचे सोडून अर्धा दिवस वाळक्या गवतात घालवला, बागेत एक पानही तोडू दिले नाही, मोबाइलवरचे ॲप जे क्षणात सांगते ते शिक्षिकेला सांगता आले नाही, आणि एवढे होऊन प्रावीण्य प्रमाणपत्रही मिळाले नाही. म्हणून शुल्क परत हवे.

शिक्षिकेबद्दलचे आधी घेतो, कारण तेच मला सर्वांत खटकले. समोर गाजराच्या कुळातले रोप होते, छत्रीसारखा पांढरा फुलोरा असलेले. ॲपने लगेच नाव दिले. त्या म्हणाल्या, "फळ नसताना नक्की सांगता येणार नाही." अभ्यासक्रमातले ते सर्वांत अचूक वाक्य होते, असे मी म्हणेन. या कुळात रोजच्या खाण्यातल्या वनस्पती आहेत आणि हेमलॉकसारख्या जीवघेण्याही आहेत. फुलोरे बघावेत तर एकाला झाकावे नि दुसऱ्याला काढावे. हेमलॉकच्या खोडावर जांभळे डाग असतात, त्यांची मदत होते. पण इतर बऱ्याच प्रजातींचा निकाल पिकलेल्या फळावरच लागतो. त्याच्या कंगोऱ्यांवर, आतल्या तेलनलिकांवर. फुलांच्या फोटोत यातले काहीच नसते. विषबाधेच्या प्रकरणात कोणी आपल्याकडे डहाळी घेऊन आले, तर अंदाजाने नाव ठोकून देणे परवडेल का? (ॲपशी आमचे वैर नाही. सर्वांसाठी असलेल्या बागफेरीत आम्हीच ते उघडायला सांगतो. तिथे कुतूहल जागे झाले की काम झाले.)

इटलीतल्या पाडुआची बाग 1545 मध्ये उभी राहिली ती वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती खात्रीने ओळखता याव्यात म्हणून. त्या काळी औषधी वनस्पतींत गफलती होत आणि फसवणूकही चाले. म्हणजे असे वर्ग ही वनस्पती उद्यानांनी हौसेने अलीकडे जोडलेली शेपटी नाही.

आता गवत. टेबलावरचे निम्मे नमुने गवत नव्हतेच, लव्हाळे होते. लव्हाळ्याचे खोड बहुधा तीन धारांचे आणि पाने तीन ओळींत. गवताची पाने दोन ओळींत आणि खोडाला पेरे. बोटांत खोड फिरवले तरी फरक कळतो. जमिनीचे सर्वेक्षण करणाऱ्यांना हे यायलाच हवे, कारण बरेच लव्हाळे ओलसर जमिनीची खूण असतात आणि इथे चूक झाली तर पाणथळ जागा अहवालातून गायब होते. ऑर्किडचे दालन सुंदर आहे, मान्य. ते तिकीट काढून केव्हाही पाहता येते. नमुना दाबून, वाळवून, कागदावर चढवून त्याखाली ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहायला वेळ लागतो. पण असा कागद शतकानुशतके तपासता येतो. अठराव्या शतकातले वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांचे नमुने लंडनमध्ये आजही अभ्यासले जातात. चिठ्ठी नसेल तर उरतो तो पाचोळा.

पाने तोडण्याची बंदी राहील. आमच्या संग्रहातल्या रोपांना नोंदणी क्रमांक असतो, आणि ते रोप कुठून आले हे त्या नोंदीत सापडते. काही प्रजातींचे आमच्याकडे एकेकच रोप आहे. कापून बघायची फुले कर्मचारी वेगळ्या वाफ्यातून आणून देतात. आपल्यालाही ती दिली होती.

प्रमाणपत्रे दोन आहेत, हे नोंदणीच्या अर्जावरच लिहिलेले असते. उपस्थितीचे सर्वांना मिळते, आपल्यालाही मिळाले. प्रावीण्याचे परीक्षेवर अवलंबून असते, आणि "पुरेसा पुरावा नाही" हे त्या परीक्षेतले ग्राह्य उत्तर आहे. अंदाजाने लिहिलेल्या नावाला मात्र गुण नाहीत.

शुल्क परत करता येणार नाही. पुढची परीक्षा आपण विनाशुल्क देऊ शकता. ती आम्ही मुद्दाम फळे धरण्याच्या हंगामात ठेवतो. कार्यालयाला आधी कळवा आणि येताना आपले दहापट मोठे दाखवणारे भिंग आणा. ॲप असलेला मोबाइल बाहेर ठेवावा लागेल.

— संचालक