पोरांना डबा खायला वेळ तर द्या

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या ग्रुपवर 'इको-फ्रेंडली' डब्यांचे फोटो फिरायला लागतात. बांबूचे चमचे, सिलिकॉनच्या पिशव्या, कप्प्याकप्प्यांचे महागडे डबे. माझं स्पष्ट मत आहे, यातलं काहीएक विकत घ्यायची गरज नाही. घरातला स्टीलचा डबा थोरल्यानंतर धाकट्याला चालतो आणि पार चेपला तरी भंगारवाला पैसे देऊन नेतो. भाकरी गुंडाळायला जुन्या सुती साडीचं धुतलेलं फडकं घ्या. ते वाफ शोषून घेतं, त्यामुळे भाकरीला पाणी सुटत नाही. वर्तमानपत्राचा कागद तेवढा नको. छपाईच्या शाईत शिसं असतं, त्यात अन्न बांधू नका असं एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, 2023 मध्येच बजावलंय.

पण खरा घोळ डब्यात नाहीच, घड्याळात आहे. आमच्या पोरांच्या कोल्हापुरातल्या शाळेत मधली सुट्टी वीस मिनिटांची. त्यात नळावर रांग, बाथरूमला रांग, मग वर्गात येऊन डबा उघडायचा. भाजी-भाकरी चावून खायला वेळ लागतो. बिस्किटाचा पुडा चालता चालता संपतो. म्हणून पुडा जिंकतो आणि डबा अर्धा परत येतो. मग आपण पोरांना नावं ठेवतो, 'ह्यांना घरचं आवडत नाही.' आवडतं हो, पण खायचं कधी?

त्या पुड्याचं पुढं काय होतं तेही बघा. चिप्सच्या वेष्टनात प्लास्टिक आणि धातूचा थर एकमेकाला चिकटलेले असतात, भंगारवाला त्याला हात लावत नाही. ते गटारीत जातं, तिथून जयंती नाल्यात, नाल्यातून पंचगंगेत. 2019 चा पूर बघितलेल्या गावानं तरी तुंबलेली गटार हलक्यात घेऊ नये.

मधली सुट्टी वाढेल तेव्हा वाढेल, तोवर आपल्या हातात आहे ते करू. डबा असा द्यायचा की गार झाला तरी मऊ राहील आणि एका हातानं खाता येईल. आमच्याकडे दशमी होते. ज्वारीचं पीठ दुधात गूळ विरघळवून त्यात मळायचं, जरा जाड थापायची, गरम असतानाच तूप लावून दुमडायची. दुपारपर्यंत वातड होत नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवून. कधी नाचणीचं थालीपीठ, त्यात मेथी किंवा शेवग्याचा पाला. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि ती आपल्याच गगनबावडा, राधानगरीकडं पिकते. शेंगदाणा-गुळाचा एक लाडू टाकला की झालं. गुळाच्या गावात राहून पोरांना क्रीमची बिस्किटं का द्यायची?

आणि हे सगळं एकट्या आईनं पहाटे उठून का करायचं? थालीपीठ थापायला बाप्याच्या हातालाही जमतं, मी रोज थापतो.

शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जादा साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत, असा 2020 चा केंद्राचा नियम आहे. आपल्या शाळेच्या फाटकाबाहेर काय टांगलेलं असतं ते एकदा जाऊन बघा.

पुढच्या पालकसभेत मी दोनच गोष्टी मागणार आहे: मधली सुट्टी दहा मिनिटांनी वाढवा आणि हात धुवायला आणखी नळ बसवा. तुमच्या पोरांच्या शाळेत किती वेळ मिळतो, खाली लिहा. सगळ्यांचे आकडे एका कागदावर घेऊनच मुख्याध्यापकांना भेटू.